दिनविशेष : २५ नोव्हेंबर १९७६ – निरोपाच्या मैफलीत कॅनडाचे सूर

सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात ‘द बँड’ या रॉक संगीतसमूहाने आजच्या दिवशी निरोपाची मैफल केली. दिवस थँक्सगिव्हिंगचा, म्हणून सुमारे ५,००० रसिकांना आधी टर्कीचे जेवण वाढले गेले. पाहुण्यांत बॉब डिलन, मडी वॉटर्स यांसारखे दिग्गज होते. पण ‘द बँड’मधले अमेरिकी लेव्हॉन हेल्म वगळता बाकी चौघे कॅनडाचे, त्यामुळे नील यंग आणि जोनी मिचेल मंचावर आले ते घरच्या माणसांसारखेच. यंग यांनी इयन टायसन या कॅनडाच्याच गीतकाराचे ‘फोर स्ट्राँग विंड्स’ गायले. पुढे यंग आणि मिचेल यांनी ‘द बँड’सोबत ‘अकेडियन ड्रिफ्टवुड’ म्हटले. अठराव्या शतकात ब्रिटिशांनी घरादारातून हुसकावलेल्या फ्रेंचभाषक अकेडियन लोकांची व्यथा रॉबी रॉबर्टसन यांनी या गाण्यात मांडली आहे. त्या रात्रीचे सर्वांत कॅनेडियन गाणे हेच! मार्टिन स्कोर्सेसी यांच्या या मैफलीवरच्या ‘द लास्ट वॉल्ट्झ’ (१९७८) या गाजलेल्या चित्रपटात मात्र ते नाही; त्याचे मैफलीतले ध्वनिमुद्रण २००२ च्या गाण्यांच्या संचात आले. चित्रपट पाहिला असला, तरी ते आवर्जून ऐका.