कागद फुगला म्हणून

भर पावसाळ्यात एखाद्या ऑफसेट छापखान्यात डोकावलात, तर मशीनमन कागदाच्या नावाने बोटं मोडताना दिसेल. हवेतलं पाणी पिऊन कागद केसभर पसरतो आणि निळ्यावर पिवळा नेमका बसत नाही. ‘रजिस्टर हललं’ म्हणतात ते हेच. घराघरातल्या एसीचं मूळ या तक्रारीत आहे. माणसाला उकडतंय, ही त्यात अडचणच नव्हती.

छापखाना होता न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला, सॅकेट-विल्हेल्म्स. १९०२ साली हे काम आलं बफेलो फोर्ज कंपनीतल्या पंचविशीच्या विलिस कॅरिअरकडे. हवा गरम करायची तर वाफेच्या नळ्यांवरून पंख्याने ती ढकलायची, ही रीत कंपनीच्या रोजच्या सरावाची. कॅरिअरने त्याच नळ्यांत गार पाणी सोडलं. गार नळीला हवा लागली की तिच्यातली वाफ दव होऊन नळीवर जमते आणि ठिबकून जाते. नळ्या किती गार हव्यात, हवा किती वेगाने सोडायची, याचा हिशेब त्याने असा मांडला की छापखान्यातली आर्द्रता ५५ टक्क्यांवर राहावी. हवा गार झाली ती ओघानेच. तुमच्या एसीच्या मागची नळी बादलीत ठिबकत असते ना, ती या यंत्राचं मूळ काम करत असते.

घरी यायला या यंत्राला वेळ लागला. १९१४ साली मिनीॲपोलिसमध्ये चार्ल्स गेट्स या धनिकाच्या हवेलीत जे यंत्र बसवलं, ते सुमारे वीस फूट लांब होतं. गेट्स आदल्याच वर्षी वारला होता. त्या गारव्याचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही. सामान्य माणसाला हा गारवा आधी भेटला तो थिएटरात: न्यूयॉर्कला १९२५ मध्ये रिव्होलीत, आपल्या मुंबईत १९३३ मध्ये उघडलेल्या रीगलमध्ये.

मग अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर घरभर एकच एसी कसा पसरला? तर थंडीमुळे. तिथे अनेक घरांत हिवाळ्यासाठी गरम हवेची भट्टी, तिचा पंखा आणि खोल्याखोल्यांत गेलेले पत्र्याचे डक्ट आधीच होते. भट्टीच्या तोंडाशी एक गार कॉइल बसवली, तिला बाहेरच्या कॉम्प्रेसरशी तांब्याच्या नळ्यांनी जोडलं, की काम झालं. खोल्यांतली हवा परतीच्या डक्टने येते, फिल्टरमधून गाळली जाते, कॉइलवर पाणी आणि उष्णता टाकते आणि त्याच पंख्याने परत जाते. कॉइलमधला द्रव ती उष्णता शोषून वायू होतो आणि बाहेर नेऊन सोडतो. आपल्याकडे भट्टी नाही, त्यामुळे डक्टही नाहीत. साहजिकच प्रत्येक खोलीच्या भिंतीवर वेगळा स्प्लिट.

हा स्प्लिट घ्यायला गेलात की दुकानदार ‘मोठाच घ्या साहेब, झटपट गार होईल’ म्हणतो. झटपट गार होतंही. पण ठरावीक वेगाने चालणारं मोठं यंत्र तपमान गाठून लगेच थांबतं. कॉइलवर पुरेसं पाणी जमायला वेळच मिळत नाही. जुलैतल्या मुंबईत अशा खोलीत अंगावर काटा येतो, चादर मात्र ओलसर लागते.