‘एम’मधील तपास आणि बर्लिनची पोलीस कचेरी

बालहत्यांनी भयभीत झालेल्या नगराचे चित्र रेखाटणारा फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’ हा बोलपट ११ मे १९३१ रोजी बर्लिनमध्ये प्रथम प्रदर्शित झाला, तेव्हा ड्युसेलडॉर्फच्या पेटर क्यूर्टेनला नऊ खुनांबद्दल देहान्ताची शिक्षा फर्मावली जाऊन महिनाही लोटला नव्हता. साहजिकच पडद्यावरील खुन्यात अनेकांना क्यूर्टेन दिसला. परंतु या चित्रपटाचे ऐतिहासिक मोल मला त्यातील तपासाच्या चित्रणात अधिक जाणवते.

त्यातील लोमान हा स्थूल देहाचा, शांत वृत्तीचा अधिकारी ज्यांच्यावरून बेतला, ते एर्न्स्ट गेनाट आलेक्झांडरप्लाट्झवरील पोलीस कचेरीत काम करीत. खुनाच्या जागी प्रथम पोचलेला शिपाई पुष्कळदा मृताविषयीच्या आदराने प्रेत नीट ठेवी, पसारा आवरी, आणि त्या सद्‌भावनेतच पुरावा नाहीसा होई. १९२६ साली खून-तपासाची स्वतंत्र शाखा उभारताना गेनाट यांनी घटनास्थळी कशासही हात लावू नये असा दंडक घातला, टंकलेखन-यंत्रासह तपासाचे सर्व साहित्य वाहून नेणारी मोटार सिद्ध केली, खुनांच्या प्रकरणांचे सूचीबद्ध दफ्तर उभे केले. आणि, जे मला सर्वांत थोर वाटते, जबानी घेताना संशयितास मारहाण करण्याची सक्त मनाई केली.

चित्रपटातील तपासही तसाच सोशिक आहे. मनोरुग्णालयांतून सुटलेल्यांच्या याद्या तपासल्या जातात, आणि ‘आरिस्टॉन’ सिगारेटची थोटके व खिडकीच्या लाकडावरील तांबड्या पेन्सिलीच्या खुणा यांवरून पोलीस अखेर खुन्याच्या खोलीपर्यंत पोचतात. (लांग यांच्यासह ही पटकथा रचणाऱ्या त्यांच्या पत्नी थेआ फोन हार्बू पुढे बेळगावकडील पत्रकार अयी तेंडुलकर यांच्याशी विवाहबद्ध झाल्या, हे आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक असेल.) तथापि धाडसत्रांनी ज्यांचा धंदा बसला, ते चोर-दरोडेखोर भिकाऱ्यांना पहाऱ्यावर नेमून खुन्याला आधी गाठतात आणि एका ओसाड दारूभट्टीत त्याच्यावर आपले न्यायासन मांडतात. पीटर लॉरे यांनी साकारलेला तो दीन, घामाघूम खुनी आपल्या विकृतीची कैफियत देत असता जमाव त्याच्या रक्तासाठी ओरडतो; आणि त्याच क्षणी पोलिसांचा हात त्याच्या खांद्यावर पडून तो कायद्याच्या स्वाधीन होतो. अपराध्यालाही जमावाच्या हाती न देणारी ही राज्यव्यवस्था लांग यांनी ज्या वेळी पडद्यावर आणली, त्या वेळी जर्मनीत ती अखेरच्या घटका मोजीत होती. १९३३ मध्ये लांग यांनी देश सोडला आणि १९३४ साली नाझी सरकारने ‘एम’वर बंदी घातली.