खानदेश

खानदेश : तापी खोऱ्यातील ऐतिहासिक प्रदेश. आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे त्याचा गाभा होत. मध्ययुगात बऱ्हाणपूर व अशीरगड (आता मध्य प्रदेशात) याच प्रदेशात मोडत. लोकसंख्या १४,२७,३८२ (१९०१, तेव्हाचा अविभाजित जिल्हा); जळगाव जिल्हा ४२,२९,९१७, धुळे २०,५०,८६२ (२०११).

भूवर्णन : उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे, पूर्वेस वऱ्हाडाकडे मैदान मोकळे आहे. तापीला उजवीकडून सुकी, अनेर, अरुणावती व गोमाई, तर डावीकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा व बुराई मिळतात. तापीचे पात्र खोल, काठ उंच. त्यामुळे जुने पाटपाणी तिच्यावर नव्हे, उपनद्यांवर वाढले. पांझरेवरील बंधारे व फड पद्धत हा गावकऱ्यांनी सामाईक पाणीवाटप पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्याचा मोलाचा दाखला आहे.

इतिहास : यादवकाळात चाळीसगावजवळील पाटणे येथे निकुंभ घराण्याची सत्ता होती. गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला. त्याला निकुंभांनी दिलेल्या दानाचा शिलालेख पाटण्यास असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भारतीय गणिताच्या इतिहासात या लेखाचे स्थान मोठे आहे.

फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला थाळनेर व करंद यांची जहागीर दिली. त्यातून फारुकी राज्य उभे राहिले. मलिक राजाचा मुलगा नसीरखान याने अशीरगड घेतला व बऱ्हाणपूर वसविले. अशीरगडाखालच्या वाटेने नर्मदा व तापी ही खोरी जोडली जात. त्यामुळे दख्खनेत उतरणाऱ्या प्रत्येक सत्तेला हा किल्ला हवा होता. अकबराने १६०१ मध्ये तो घेतला. त्याचा मुलगा शाहजादा दानियाल याच्यावरून सुभ्याला दानदेश म्हटले गेले; आईन-इ-अकबरीत त्याचे ३२ परगणे नोंदले आहेत.

भालकीच्या तहाने (१७५२) बराच मुलूख मराठ्यांकडे आला. मंदसोरच्या तहाने (१८१८) होळकरांचा येथील भाग इंग्रजांना मिळाला. कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले. डोंगरपट्ट्यातील भिल्लांचा प्रतिकार पुढेही चालू राहिला. १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी औट्रमने धरणगावास भिल्ल पलटण उभारली. मालेगाव, नांदगाव व बागलाण १८६९ मध्ये नव्या नाशिक जिल्ह्यात गेले. १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. १९६० नंतर तेच जळगाव व धुळे. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन खानदेशातील फैजपूर येथे १९३६ मध्ये भरले.

प्रेक्षणीय स्थळे : थाळनेर येथील फारुकी कबरी, लळिंगचा किल्ला, बलसाणे येथील मंदिरे, पाटणे येथील देवळे व लेणी.

अर्थव्यवस्था : कापूस व केळी ही मुख्य पिके. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

भाषा व संस्था : मराठीबरोबर अहिराणी, लेवा गणबोली व भिल्ली बोली प्रचलित आहेत. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात निवर्तले. त्यांचा दफ्तरसंग्रह जपणारे राजवाडे संशोधन मंडळ धुळ्यातच असून खानदेशच्या अभ्यासाचे ते महत्त्वाचे केंद्र आहे.