विडीचा आकार आणि टेंभुर्णीचे पान

क्यूबाचे सिगार ओढणारे शौकीन सिगारच्या लांबी-जाडीवर तासन्‌तास बोलू शकतात. सिगारची जाडी ते इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. जाड सिगारचा धूर थंड आणि सावकाश येतो, बारीक सिगार लवकर तापतो आणि त्यात वरच्या वेष्टनाच्या पानाची चव जास्त लागते, असा त्यांचा अनुभव. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातूनही असेच एक वेष्टन गेली शंभर वर्षे देशभर जात आहे. ते म्हणजे टेंभुर्णीचे पान. व्यापारात त्याला तेंदूपत्ता म्हणतात. विडीचा आकार, तिची चव आणि ती ओढण्याची तऱ्हा या पानाने कशी ठरवली, आणि त्याच पानाने इथल्या माणसांचे काय केले, हे आज मला सांगायचे आहे.

तंबाखू आपली नव्हे. पोर्तुगीजांबरोबर ती दख्खनमध्ये आली. अकबराचा दूत असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने बादशहासाठी नजराणा म्हणून तंबाखू आणि चिलीम नेली. पुढे हुक्का आला, चिलीम गावोगाव गेली. दक्षिणेत तंबाखूचेच पान गुंडाळून ओढायची रीत पडली. तमिळमधील ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळी, या शब्दापासून इंग्रजांचा चिरूट झाला. आपल्या सिरोंचा भागाला लागून असलेल्या तेलुगू मुलखात त्यालाच चुट्टा म्हणतात. सिगार, चिरूट, चुट्टा या तिन्हींत आत तंबाखू आणि बाहेरही तंबाखूच.

विडीचे तसे नाही. विडी हा शब्द आपल्या विड्याचा सख्खा भाऊ आहे. पान वेगळे, आतला माल वेगळा. तंबाखू महाग आणि पान फुकट, अशा मुलखात हे शहाणपण सुचले. आधी आपटा, पळस अशी हाताला लागतील ती पाने वापरली जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी जबलपूरकडे विडीचा धंदा उभा केला आणि टेंभुर्णीने बाकी सगळ्या पानांना मागे टाकले. हे पान रुंद असते, भिजवले की कातड्यासारखे मऊ होते, गुंडाळताना फाटत नाही, लवकर सडत नाही आणि तंबाखूच्या चवीला बाधा आणत नाही. कामठी, गोंदिया, सिन्नर इथले कारखाने याच पानावर वाढले.

आता आकाराकडे पाहू. भिजवलेल्या पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने चौकोनी तुकडा कापतात. पानाच्या मोठ्या शिरा टाळाव्या लागतात. म्हणजे विडी किती लांब करायची हे ओढणाऱ्याच्या आवडीपेक्षा पानाच्या दोन शिरांमधील जागेवर ठरते. त्यात चिमूटभर, म्हणजे ग्रॅमच्या पाचव्या हिश्शाएवढा जर्दा टाकतात आणि निमुळती गुंडाळी करून दोरा बांधतात. ओठांकडे अरुंद, विस्तवाकडे रुंद. बाई दिवसभर मान खाली घालून बसली तर हजारभर विड्या वळते. मजुरी हजारी दराने. १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला, त्याच्या नावातही ही दोन भावंडे शेजारी बसली होती.

सिगारेटचा कागद सच्छिद्र असतो, ती बोटांत धरली तरी जळत राहते. टेंभुर्णीच्या पानातून हवा फारशी आत जात नाही, म्हणून ओढली नाही की विडी विझते. ती पेटती ठेवायची तर झुरके पटापट आणि खोल घ्यावे लागतात. तंबाखू सिगारेटच्या पावपट, तरीही निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड पोटभर. ‘छोटी आहे, पानाची आहे, म्हणून साधी आहे’ हा समज इथेच खोटा ठरतो. सिगारवाला धूर तोंडात घोळवतो, विडीवाल्याला तो छातीत घ्यावा लागतो.

हे झाले ओढणाऱ्याचे. तोडणाऱ्याचे काय? उन्हाळ्याच्या तोंडाशी टेंभुर्णीची झुडपे छाटतात, मग नवी कोवळी पाने फुटतात. मे महिन्यात अख्खे घर पहाटे जंगलात जाते. सत्तर पानांचा एक पुडा, आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पुडे फळीवर मोजून द्यायचे, वाळवायचे, मग बोदभराई. या पंधरा-वीस दिवसांच्या पैशावर पेरणीचे बियाणे आणि पोरांची लग्ने होतात. याच दिवसांत पाणवठ्याजवळ वाघही असतो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन बायका त्याच्या हल्ल्यात मेल्या.

पानाचा दर कोण ठरवणार, हाच इथल्या अर्ध्या शतकाचा झगडा आहे. १९६९ च्या राज्याच्या कायद्याने हा व्यापार सरकारच्या नियंत्रणाखाली आला, तरी जंगलात ठेकेदाराचाच शब्द चाले. १९८० नंतर दक्षिण गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी पाय रोवला तो पुड्याच्या दराच्या प्रश्नावर. ज्या मागणीला कचेरीत कोणी विचारत नव्हते, तिच्यामागे बंदूक उभी राहिली आणि त्याची किंमतही इथल्याच गावांनी मोजली. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. २००९ मध्ये मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि नंतर अनेक ग्रामसभा स्वतः तेंदूपानाचा लिलाव करू लागल्या. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुडे मोजून दिले, ते आता हिशेबाची वही आपल्याकडे ठेवतात.

पण मला विशेष वाटते ते गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावचे. २०१२ मध्ये या गावाला १,००६ हेक्टर जंगलावर हक्क मिळाला आणि गावाने ठरवले की तेंदूपान तोडायचेच नाही. चांगल्या पानासाठी झाडे छाटली जातात, वणवे लावले जातात, शिवाय टेंभुर्णीचे फळ खायला मिळत नाही, हा त्यांचा विचार. बांबू विकून ते पोट भरतात. हाती आलेली रोकड नाकारायला केवढे बळ लागते, हे मे महिन्यात फळीवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक गावाला ते परवडणार नाही, आणि त्यासाठी त्यांना दोष देण्याचा अधिकार शहरात बसून आपल्याला नाही.

आणखी एक विसंगती. जिथून हे पान जाते त्या गडचिरोलीत धुरापेक्षा खर्ऱ्याचे व्यसन मोठे आहे. २०१६ पासून तिथे ‘मुक्तिपथ’ हे तंबाखूमुक्तीचे काम सुरू झाले. म्हणजे एकाच जिल्ह्यात तेंदूपानाला चांगला भाव मिळावा म्हणून ग्रामसभा भांडते आणि तंबाखू सुटावी म्हणूनही गावच बसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. विडी ओढणारे घटले तर छाती वाचेल, आणि त्या दिवशी मे महिन्यातील त्या पैशाला दुसरी वाट लागेल. मोह, बांबू, हिरडा, टेंभराचे फळ, हे सगळे त्या जंगलात आहेच. ती वाट कोणती, हे ठरवताना पान तोडणाऱ्या बाईला विचारले गेले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.