कचरा डेपोच्या काठची गावे : आकामासुआची वाटचाल

मादागास्करची राजधानी अंतानानारिव्हो टेकड्यांवर वसलेली आहे. शहराचा कचरा कडेच्या आंद्रालानित्रा येथे येऊन पडतो. १९८९ मध्ये या ढिगांवर शेकडो कुटुंबे राहत होती. पुठ्ठे, प्लास्टिक, पत्र्याचे तुकडे जोडून केलेल्या झोपड्या इतक्या बुटक्या, की आत रांगतच शिरावे लागे. कचऱ्याची गाडी रिकामी झाली की मुले, कुत्री आणि डुकरे एकाच वेळी तिच्याकडे धावत. आकामासुआ ही संस्था इथे जन्माला आली. मालागासी भाषेत या नावाचा अर्थ ‘चांगले मित्र’ असा आहे.

संस्थापक फादर पेद्रो ओपेका हे लाझारिस्ट संघाचे धर्मगुरू. या संघाचे मादागास्करशी नाते जुने आहे. संघाचे संस्थापक संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी १६४८ मध्ये आपले पहिले दोन मिशनरी या बेटावर धाडले होते. दोन वर्षांच्या आत दोघेही तिथेच दगावले. तरीही त्यांच्या मागून माणसे येत राहिली.

ओपेका यांचा जन्म १९४८ चा, अर्जेंटिनातला. आईवडील स्लोव्हेनियातून आलेले निर्वासित. वडील गवंडी होते, आणि ओळंबा धरणे, विटांचा थर सरळ लावणे हे मुलगा त्यांच्याच हाताखाली शिकला. पुढच्या सगळ्या कामात त्यांना धर्मशास्त्राच्या पदवीपेक्षा ही थापीच अधिक उपयोगी पडली, असे म्हटले तर ते स्वतःही हरकत घेणार नाहीत. १९७० मध्ये ते प्रथम मादागास्करला गेले, ते गवंडीकाम करण्यासाठीच. १९७५ मध्ये गुरुदीक्षा झाली आणि लवकरच बेटाच्या आग्नेयेकडील व्हांगाइंद्रानो या धर्मग्रामाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तिथे ते लोकांबरोबर भातखाचरांत उतरले, त्यांच्या पोरांशी फुटबॉल खेळले. मलेरियाने मात्र प्रकृती खालावली. १९८९ मध्ये त्यांना राजधानीतील सेमिनरीत पाठवण्यात आले. त्याच वर्षी आंद्रालानित्रा त्यांच्या नजरेस पडले.

ढिगावरच्या लोकांना परक्या माणसांवर भरवसा ठेवण्याचे काही कारण नव्हते. गोरा पाहुणा येतो, हळहळतो, निघून जातो, एवढाच त्यांचा अनुभव. फादरांनी त्यांच्यापुढे एकच अट ठेवली: काम करायची तयारी असेल तर मदत मिळेल. काही कुटुंबे सुमारे ६० किलोमीटरवरील आंतुलुजानाहारी येथे शेतीवर गेली. बाकीच्यांनी डेपोजवळच्या टेकड्यांवर घरे उभारायला घेतली. आधी लाकडी, मग विटांची.

या टेकड्यांच्या पोटात ग्रॅनाइट आहे. खाणीत पुरुष घणाने शिळा फोडतात. बाया उन्हात बसून हातोडीने त्या दगडांची खडी करतात आणि डोक्यावरच्या टोपल्यांतून वर नेतात. काम अंगमोडीचे आहे, मजुरीही मोठी नाही. पण ही खडी विकली जाते, तिनेच गावातले रस्ते होतात, आणि संध्याकाळी हातात येणारा पैसा कमाईचा असतो, भिकेचा नसतो. इथले सुतार, गवंडी आणि फरसबंदी करणारे कारागीर या कामातूनच तयार झाले.

सुरुवातीची वर्षे सरळ गेली नाहीत. दारू, चोऱ्या, मारामाऱ्या ढिगावरून गावातही आल्या. काही जण सोडून गेले. तेव्हा मालागासी परंपरेतील ‘दिना’, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून ठरवलेले आणि सर्वांवर बंधनकारक असलेले नियम, संस्थेने अंगीकारली. मुलांना शाळेत पाठवणे हा त्यातला न चुकवता येणारा नियम आहे. देशात वारंवार चक्रीवादळे आली, २००९ मध्ये राजकीय संकट आले, आणि दर वेळी आसरा मागणाऱ्यांची रांग वाढली. बांधकाम थांबले नाही.

हे श्रेय एका माणसाचे नाही, हे फादर सतत सांगतात, आणि ते खरेही आहे. स्लोव्हेनिया, अर्जेंटिना, फ्रान्स येथील देणगीदारांनी पैसा पुरवला. पण रोजचा कारभार मालागासी सहकाऱ्यांनी, त्यातही मुख्यतः स्त्रियांनी, सांभाळला. ढिगावर वाढलेली काही मुले आज याच शाळांत शिकवतात. त्यांच्या लेखी ओपेका हे ‘मोंपेरा’, म्हणजे आपले फादर.

२००४ मध्ये मादागास्कर सरकारने आकामासुआला सार्वजनिक हिताची संस्था म्हणून मान्यता दिली. ८ सप्टेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस येथे आले. संस्थेच्या मानान्तेनासुआ या गावातील सभागृहात हजारो मुलांनी त्यांचे स्वागत केले. त्यानंतर पोप खाणीवर गेले आणि तिथे कामगारांसाठी प्रार्थना केली. प्रार्थनेसाठी खाणीची निवड झाली, ही या संस्थेच्या इतिहासातली सर्वांत योग्य नोंद म्हणावी लागेल.

आज संस्थेच्या गावांत तीन हजारांहून अधिक पक्की घरे आहेत आणि वीस हजारांहून अधिक माणसे राहतात. बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंत दहा हजारांहून अधिक मुले शिकतात. दवाखाने आहेत, प्रसूतिगृह आहे, मैदाने आहेत. रविवारच्या मिस्सेला जागा मिळवण्यासाठी लवकर यावे लागते. आंद्रालानित्राचा ढीग मात्र हटलेला नाही. शहराच्या गाड्या अजूनही तिथे रिकाम्या होतात, तिथून अजूनही कुटुंबे आकामासुआच्या दाराशी येतात, आणि त्यांना पहिला प्रश्न १९८९ चाच विचारला जातो: काम करायची तयारी आहे ना?