दिव्याच्या बुडावरचे नाव

जुना मातीचा टेबललॅम्प हाती आला की मी आधी त्याचे बूड पाहतो. इटलीत १९५०च्या दशकात घडू लागलेल्या 'रिमिनी ब्लू' दिव्यांच्या बुडावर बहुधा 'इटली' एवढा शब्द आणि काही आकडे सापडतात. अमेरिकेत ते विकणाऱ्या 'रेमोर' कंपनीची चिठ्ठी डकवलेली असे. घडवणाऱ्याचे नाव मात्र नाही.

ही घडण आल्दो लोंदी (१९११–२००३) याची. फ्लॉरेन्सजवळच्या मोंतेलुपोचा हा माणूस अकराव्या वर्षी मातीकामाला लागला. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेत युद्धकैदी होता. १९४६ साली परतला आणि बितोस्सी कारखान्याचा कलासंचालक झाला. ओल्या मातीवर हाताने ठसे दाबायचे, भाजून निळी-हिरवी झिलई चढवायची, अशी ही रीत.

आज संग्राहक लोंदीचे नाव शोधून काढतात आणि वस्तूचा भाव वाढतो. नाव परत मिळाले, हा न्यायच झाला. पण कारखान्यात ठसे दाबणारे हात एकट्या लोंदीचे नव्हते. त्या कामगारांची नावे कोण शोधणार? श्रमाचा इतिहास एका नावावर थांबत असेल तर तो अपुराच आहे, असे मी मानतो.