कम्प्युटरवर बोलून मराठी टाइप करायचंय? कोणतं सॉफ्टवेअर निवडाल?

वकिलांना अर्ज तयार करायचा असतो, सोसायटीच्या सेक्रेटरींना सभेचं इतिवृत्त लिहायचं असतं, शिक्षकांना प्रश्नपत्रिका काढायची असते. मराठी टायपिंग येत नसेल तर बोलून लिहिणं हा सोपा मार्ग वाटतो. पण सॉफ्टवेअर निवडताना ते किती वेगानं लिहितं, यापेक्षा नंतर दुरुस्तीला किती वेळ जातो, हे महत्त्वाचं.

पर्याय कोणते?

गुगल डॉक्स : गुगलनं ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांमध्ये आवाजानं टाइप करण्याची सोय दिली. क्रोममध्ये डॉक्स उघडून 'टूल्स'मधलं 'व्हॉइस टायपिंग' निवडा आणि भाषा मराठी करा. ही सेवा मोफत आहे, पण इंटरनेट लागतं. तोंडी आज्ञा मराठीत चालत नाहीत, त्यामुळे पूर्णविराम, स्वल्पविराम हातानं द्यायची तयारी ठेवा.

विंडोज ११ : विंडोजचं बटण आणि 'एच' एकत्र दाबलं की माइक सुरू होतो. त्याआधी सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडून कीबोर्ड मराठीवर आणावा लागतो. कर्सर जिथे असेल तिथे, म्हणजे वर्डमध्ये किंवा ईमेलमध्येही, मजकूर उमटतो. यालाही इंटरनेट लागतं.

व्हिस्पर : ओपनएआयनं सप्टेंबर २०२२ मध्ये हे मोफत खुलं केलं. एकदा डाउनलोड केलं की ते तुमच्याच कम्प्युटरवर, इंटरनेटशिवाय चालतं. मात्र इंग्रजीच्या तुलनेत मराठीत चुका बऱ्याच जास्त होतात. मोठं मॉडेल वापरायचं तर कम्प्युटरही दमदार हवा.

ड्रॅगन : १९९७ पासूनचं हे नावाजलेलं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं आणि त्यात मराठी नाही. फक्त इंग्रजीत काम असेल तरच विचार करा.

वेळेचं गणित

सरकारी टंकलेखन परीक्षेत मराठीचा किमान वेग मिनिटाला ३० शब्द असतो. या वेगानं ३०० शब्दांना १० मिनिटं लागतात. तेच बोलून लिहायला समजा ४ मिनिटं लागली, पण शंभरात १० शब्द चुकले, तर ३० दुरुस्त्या आल्या. प्रत्येकीला १० सेकंद धरले तरी ५ मिनिटं जातात. एकूण ९ मिनिटं, म्हणजे बचत फक्त एका मिनिटाची! शंभरात तीनच चुका झाल्या, तर मात्र साडेपाच मिनिटांत काम होतं.

चाचणी कशी घ्याल?

रोजच्या कामातलाच एखादा २०० शब्दांचा मजकूर घ्या. नाशिकमधल्या कार्यालयात दिंडोरी, निफाड, सिन्नर ही गावं, सातबारा, फेरफार, गट क्रमांक आणि पक्षकारांची आडनावं त्यात हवीत. सॉफ्टवेअर बहुतेक अशाच शब्दांवर अडखळतं. चुकलेले, गळालेले आणि जास्तीचे शब्द मोजा. 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' नीट तपासा. आकडे आणि तारखा दोनदा वाचा, कारण चुकलेला गट क्रमांक स्पेलचेकला सापडत नाही.

बागलाण, कळवण भागातली अहिराणी बोलून ती मराठीत लिहून मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नका. प्रमाण मराठीच्या जवळ जाऊन बोलावं लागतं.

हेही पाहा

गोपनीयता : ऑनलाइन सेवेत तुमचा आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जातो. अशिलाची किंवा रुग्णाची माहिती असेल तर व्हिस्परसारखा ऑफलाइन पर्याय घ्या, नाहीतर ती माहिती हातानंच टाइप करा.

फॉन्ट : ही सॉफ्टवेअर युनिकोडमध्ये लिहितात. तुमचा प्रेसवाला श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टवर काम करत असेल, तर मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा लागेल आणि जोडाक्षरं पुन्हा तपासावी लागतील.

माइक : डेस्कटॉपला बहुधा माइक नसतो. तोंडाजवळ राहणारा साधा हेडसेट घ्या आणि पंखा बंद करून बोला.

थोडक्यात : घरगुती लिखाणाला गुगल डॉक्स पुरेसं आहे. वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये लिहावं लागत असेल तर विंडोजची सोय बरी, गोपनीय कामाला व्हिस्पर. मोफत पर्यायांवर आठवडाभर काम करून पाहा. त्याआधी पैसे खर्च करू नका.